पाच वॅट पुरेत



गेल्या पालकसभेत दोन विषय एकापाठोपाठ एक निघाले. पहिला, विज्ञान प्रयोगशाळेच्या मागची लहान खोली रिकामी करून तिथे मोठा डिजिटल पडदा बसवायचा. दुसरा, त्याच खोलीत शनिवारी भरणारा आपला छंद वर्ग तूर्त बंद आहे, तो कायमचाच बंद करावा काय? दुसऱ्या विषयाला कारण मीच आहे. सभेत मला पाच मिनिटे मिळाली. त्यातली दोन घसा खाकरण्यात गेली आणि उरलेल्या तीन मिनिटांत मी काय बोललो ते माझे मलाच नीट आठवत नाही. म्हणून संपादकांकडे दोन पाने मागून घेतली आहेत.

आधी झालेली चूक सांगून टाकतो, कारण ती निरनिराळ्या प्रकारे फिरते आहे. मुलाला शॉक बसला असे काहींनी ऐकले, तर काहींनी आग लागल्याचे ऐकले. तसे काही झालेले नाही. झाले ते एवढेच. मी घरी किटवरून बांधलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मुलांना दाखवायला आणला होता. वाजवून दाखवला, बंद केला, प्लग काढला आणि खालचे झाकण उघडून आतली जोडणी दाखवू लागलो. बोलण्याच्या भरात हातातला स्क्रू-ड्रायव्हर मोठ्या कंडेन्सरच्या टोकाला आणि चेसिसला एकदम लागला. फटाक्यासारखा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला खड्डा पडला. प्लग काढून जेमतेम अर्धे मिनिट झाले होते. पंधरा मुले भोवती उभी होती. बाईंनी त्याच क्षणी वर्ग थांबवला. त्यांनी अगदी बरोबर केले, हे मी इथे लिहून देतो.

विज निघून गेली तरी ती कंडेन्सरमध्ये साठून राहते, हे नववी-दहावीच्या मुलांना समजण्यासारखे आहे. माझ्या यंत्रात २८० व्होल्ट होते आणि कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडचा. हिशेब केला तर ती ऊर्जा सुमारे चार जूल भरते. आकडा लहान दिसतो, पण ती सगळी एका क्षणात बाहेर पडते. हे टाळायला कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये २,२०,००० ओहमचा एक साधा रजिस्टन्स जोडतात. मग बंद केल्यावर दोन मिनिटांत व्होल्टेज दोनच्या खाली उतरते. हा रजिस्टन्स किटच्या पिशवीत होता. तो उरलेला जादा भाग समजून मी बाजूला ठेवला होता. किटच्या पुस्तिकेतले ते पान मी वाचलेच नव्हते. म्हणजे यंत्र, किट आणि शाळा यांपैकी कोणीच चुकले नाही, चुकलो मी.

आता प्रश्न असा, की चूक माझी असताना शिक्षा खोलीला का?

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते, आणि खरे तर त्यांच्या आईवडिलांनाही. काचेच्या हवा काढून घेतलेल्या नळीत एक तार तापवतात. तिच्याभोवतीचा कॅथोड तापून लाल झाला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या पत्र्याला, म्हणजे अ‍ॅनोडला, दोन-अडीचशे व्होल्टचा धन दाब दिला की ते तिकडे धावतात. मध्ये बारीक तारेची जाळी असते. त्या जाळीवरचा दाब किंचित कमी-जास्त केला की धावणारा सगळा प्रवाह कमी-जास्त होतो. खाजन शेताच्या बांधावरचे मानस ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. एक माणूस हाताने फळी चार बोटे वर उचलतो आणि खाडीचे केवढे तरी पाणी वाट पकडते. पाणी ढकलण्याची ताकद त्या माणसाची नसते, ती भरती-ओहोटीची असते. त्याच्या हातात फक्त फळी. गाणाऱ्याच्या आवाजातून तयार झालेला क्षीण विद्युत्-संदेश ही ती फळी, आणि वीज खात्याचा पुरवठा ही खाडी. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये याहून वेगळे काही नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फ्लेमिंग या प्राध्यापकांनी १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात जाळी घातली. पुढची चाळीस वर्षे रेडिओ, टेलिफोन, सिनेमाचा आवाज, सगळे या काचेच्या नळ्यांवर चालले. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि नळ्यांचे दिवस भरले. तरी आपल्या देशात त्यानंतरही बरीच वर्षे त्या तयार होत होत्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. डिचोलीच्या बाजारात ज्यांच्याकडे मी जातो त्या म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडे बिस्किटांच्या डब्यात त्या कंपनीच्या नळ्या अजून आहेत, कापसात गुंडाळलेल्या. विकायला मात्र तयार नाहीत. त्यांच्या दुकानात आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. ते काम त्यांचा मुलगा करतो.

माझे किट परदेशातून आले. टपाल आणि कस्टम धरून चौदा हजारांच्या घरात गेले. एवढ्या पैशात काय काय आले असते याची यादी घरातून मला ऐकवण्यात आली आहे, ती इथे देत नाही. दोन बाजूंना एकेक ईएल-८४ नावाचा व्हॉल्व्ह आणि दोघांच्या आधी मिळून एक ईसीसी-८३. एका बाजूला फार तर पाच वॅट. पाच वॅट म्हटल्यावर माझे मेहुणे हसले. त्यांच्या गाडीतल्या स्पीकरवर पाचशेचा आकडा छापलेला आहे.

बांधायला पावसाळ्यातले सहा रविवार लागले. मुलगी नववीत आहे, ती आणि मी. पहिला रविवार नुसते सुटे भाग ओळखून वहीत लिहिण्यात गेला. रजिस्टन्सवरचे रंगाचे पट्टे तिने पाठ केले, मी चष्मा शोधत राहिलो. दुसऱ्या रविवारी सोल्डरिंग. आधी निकामी तारांवर सराव. डाग चकचकीत आणि पसरट बसला तर पक्का, मळकट गोळा झाला तर कच्चा. हे शिकायला तिला एक दुपार लागली. मला किती लागली ते पुढे येईलच. व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेला ६.३ व्होल्टचा पुरवठा जातो. त्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन चेसिसच्या कोपऱ्याकोपऱ्याने न्याव्या लागतात, नाहीतर त्यांची घरघर गाण्यात शिरते. पीळ देण्याचे काम तिच्या आजीने केले. वातींची सवय असल्यामुळे तिचा पीळ आम्हा दोघांपेक्षा सारखा आला.

सर्वांत वजनदार भाग ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हला समोर पाच हजार ओहमच्या आसपास भार लागतो, आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. पाच हजार भागिले आठ, त्याचे वर्गमूळ काढा, पंचवीस येते. म्हणजे एका बाजूला पंचवीस वेढे तर दुसऱ्या बाजूला एक. दहावीच्या पुस्तकातला ट्रान्सफॉर्मर मुलगी गुणांसाठी शिकणार होतीच. पण पंचवीस हा आकडा कोठून आला हे तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर काढले, आणि मल्टिमीटर लावून खरा करून पाहिला. एका बाजूला अगदी थोडी एसी वीज दिली, दुसऱ्या बाजूला मोजली, भागाकार केला. पंचवीसच्या अगदी जवळ आला. ती मला म्हणाली, "बाबा, पुस्तकातलं खरं असतं तर!" यावर पुस्तके लिहिणाऱ्यांनी खूश व्हावे की खजील, मला ठरवता आले नाही.

पहिल्यांदा वीज देताना आम्ही डिचोलीहून मेकॅनिककाकांना बोलावून आणले. त्यांनी सिरीज बल्बचा बोर्ड बरोबर आणला होता. यंत्राला थेट वीज न देता मध्ये जुन्या पद्धतीचा, तारेचा, शंभर वॅटचा बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचते. सगळे ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. तसला बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही, सगळीकडे एलईडी. काकांनी तो जपून ठेवलेला. प्लग लावण्यापूर्वी त्यांनी मला एकच सूचना केली, "एक हात बोल्सांत घाल, मागीर दुसरो लाय." एक हात खिशात असला म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीवाटे दुसऱ्या हातातून जाण्याचा मार्गच राहत नाही. इतके मोठे शास्त्र एका वाक्यात. ते वाक्य आपल्या खोलीच्या भिंतीवर लिहावे अशी माझी पहिली मागणी आहे.

बल्ब उजळला, मंद झाला. व्हॉल्व्हच्या पोटात केशरी उजेड आला. आणि स्पीकरमधून आली ती घरघर. गाणे होते, पण घरघरीच्या मागे, पावसात पत्र्याच्या आडून कोणी बोलावे तसे.

इथे मला माझ्या मुलीचे कौतुक केले पाहिजे, पालकांच्या पानावर ते शोभत नसले तरी. ती गाणे शिकते. तिने पेटी आणली आणि घरघरीचा सूर शोधू लागली. म्हणाली, हा पांढरी पाच आहे, पण खूप खालच्या सप्तकातला. आपल्या वीजपुरवठ्याची कंपने सेकंदाला ५०. ती एकमुखी करून घेताना, म्हणजे रेक्टिफायरमधून काढताना, दर सेकंदाला १०० लाटा पडतात. कंडेन्सरने त्या गुळगुळीत करायच्या असतात. खर्जातला पांढरी पाच सुमारे ९८ कंपनांचा. पन्नास कंपनांचा सूरही पांढरी पाचच्याच जवळ येतो, पण आणखी एक सप्तक खाली, आणि तो आमच्या एवढ्याशा स्पीकरमधून धड निघतच नाही. मग शंभराचाच असणार. म्हणजे दोष तारेच्या पिळात नाही, आजी सुटली. दोष कंडेन्सरच्या बाजूला. उघडून पाहिले (काकांनी कंडेन्सर रिकामा करून दिल्यावर), तर त्याच्या जमिनीकडच्या वायरीचा डाग कच्चा निघाला. गोळा. माझा होता.

कानाने दोष ओळखणे ही पद्धत सगळीकडे चालेल असे नाही. घरघरीला इतरही कारणे असतात आणि त्यांचे सूर एकमेकांत मिसळतात. पण गाण्याचा तास आणि विज्ञानाचा तास एकाच मुलीच्या डोक्यात एकाच वेळी भरलेला मी त्या दिवशी पाहिला. आपल्या शाळेचे वेळापत्रक हे दोन तास वेगवेगळ्या मजल्यांवर घेते.

आता आक्षेपांकडे वळतो. सभेत एका पालकांनी विचारले, की व्हॉल्व्हचा आवाज "गोड" असतो म्हणतात, ते खरे काय? माझे प्रामाणिक मत सांगतो. अचूकपणा मोजायचा तर शे-दोनशे रुपयांची आजची चिप माझ्या चौदा हजारांच्या यंत्राला सहज हरवते. वीजही ती कमी खाते. माझे यंत्र दहा वॅट देण्यासाठी पन्नासच्या आसपास वॅट घेते आणि उरलेल्यात पडवी तापवते. व्हॉल्व्ह मूळ सुरात त्याच्या वरच्या सप्तकातला सूर किंचित मिसळतो, तो काहींच्या कानाला भरल्यासारखा लागतो. मला लागतो. पण तो दोषच आहे, जादू नव्हे, आणि त्याच्यावर लाखाच्या किमती लावून विकणारी मंडळी आहेत त्यांच्यापासून सावध राहावे.

मग व्हॉल्व्हच का? कारण तो दिसतो. मोबाइल उघडला तर काळ्या चौकोनाशिवाय काही दिसत नाही, आणि उघडल्यावर त्याची हमीही जाते. इथे प्रत्येक भाग हाताच्या बोटाएवढा आहे. वीज कुठून येते, कुठे अडते, कुठे वळते हे बोट फिरवून (बंद असताना!) दाखवता येते. एक रजिस्टन्स बदलला तर काय होते ते मोजता येते आणि ऐकताही येते. गोवा सरकारच्या कोडिंग-रोबोटिक्स योजनेमुळे आपल्या मुलांना चांगली साधने मिळाली, त्यांचा मी विरोधक नाही. माझ्या मुलीने त्यातली अडथळा ओळखणारी गाडी केली तेव्हा मीच फोटो काढत होतो. पण ते तुकडे एकमेकांत खटकन बसतात. ते चुकीचे बसूच शकत नाहीत, अशीच त्यांची रचना आहे. कच्चा डाग कसा दिसतो, तो का पडतो आणि तो आपणच दिला हे कबूल कसे करावे, हे त्या डब्यात येत नाही. पेडणे तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांची वसाहत आखली गेली आहे. तिथे उद्या आपल्या मुलांनी नुसते पहारेकरी म्हणून उभे राहावे असे आपल्याला वाटत नसेल, तर हातात सोल्डरिंग आयर्न कधीतरी द्यावेच लागेल.

दुसरा आक्षेप विश्वस्तांपैकी एकांचा, की ही म्हाताऱ्यांची हौस आहे, मुलांचा तिच्याशी संबंध काय. संबंध आहे, आणि तो आपल्याच मातीचा आहे. पोर्तुगीज राजवटीत १९४६ मध्ये 'एमिसोरा द गोवा' हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. आमचे मूळ घर पेडणे तालुक्यात. तिथल्या वाड्यावर रेडिओ एकच होता आणि तो ऐकायला पडवी भरे, असे आजोबा सांगत. पण त्यांच्या सांगण्यातला खरा रेडिओ दुसराच. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या हद्दीबाहेर, जंगलातून, गुप्त 'स्वातंत्र्याचा आवाज' सुरू केला. प्रथम आंबोलीच्या बाजूने आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत, १९६१ च्या मुक्तीपर्यंत तो चालला. लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या शाळेतही त्यांच्याविषयी बोलले गेले. त्या काळचा तो प्रक्षेपक व्हॉल्व्हचा होता हे मात्र कोणी सांगितले नाही. रानातल्या दमट हवेत, साप-विंचवांत, काचेच्या त्या तापट नळ्या सांभाळत दोन माणसांनी सहा वर्षे आवाज चालू ठेवला. आमच्या घरात एका पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मरला बुरशी आली आणि मी हैराण झालो, तेव्हा मला त्या सहा वर्षांचा अर्थ थोडासा कळला. इतिहासाच्या तासाला याची तारीख विचारतात. ती नळी एकदा हातात दिली तर तारीख विसरणार नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना आवडेल. आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली, हे तुम्ही सामान्यज्ञानासाठी पाठ केले आहे. पण ते यान पृथ्वीशी बोलते कशाच्या जोरावर? त्याच्या मुख्य प्रक्षेपकात आहे तीही एक निर्वात नळीच, आपल्या व्हॉल्व्हची दूरची भावंडच म्हणा. आणि तिची शक्ती घरातल्या एखाद्या दिव्याएवढी, वीस-बावीस वॅटच्या आसपास. तेवढ्यावर तो आवाज अब्जावधी किलोमीटर ओलांडून येतो.

यावरून वॅटचा मुद्दा आला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. घरात ऐकायला किती आवाज लागतो? साधारण स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतो. हे गजबजलेल्या रस्त्याइतके झाले. पाच वॅट दिले तर फक्त सात डेसिबलने वाढ. पन्नास वॅट दिले तर त्यावर आणखी दहा. म्हणजे दहापट वीज आणि कानाला वाटतो तो फरक जेमतेम दुप्पट. आम्ही रात्री जेवणानंतर ऐकतो तेव्हा माझ्या यंत्रातून अर्धा वॅटही जात नसेल. तेवढ्यात मोगूबाई कुर्डीकरांच्या जुन्या मुद्रणातला श्वाससुद्धा कळतो, शेजारच्या घरात त्रास नाही, आणि मध्येच आजी काही बोलली तर गाणे थांबवावे लागत नाही. चवथीच्या दिवसांत घुमट-आरती आपल्याकडे विजेशिवाय साऱ्या वाड्याला ऐकू जाते. तिच्या शेजारी आता जी मोठाली खोकी उभी राहतात, त्यांच्यापुढे घुमट वाजवणाऱ्यालाच स्वतःचा घुमट ऐकू येत नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, हा नियम २००० सालचा. आपली मुले त्यावर निबंध लिहितात आणि रात्री साडेअकराला त्या खोक्यांपुढे नाचतात. यात दोष मुलांचा कमी, आपला जास्त. आवाज कमी करूनही गाणे अपुरे होत नाही, हे त्यांना आपण कधी ऐकवलेच नाही. शाळेच्या सभागृहात पाच वॅटवर, दिवे मंद करून, महिन्यातून एक तास गाणे ऐकवले तर? चाळीस मुलांना ते पुरते. बोलणे बंद ठेवावे लागेल एवढेच.

आता माझे म्हणणे स्पष्ट सांगतो. मुलांनी व्हॉल्व्हचे यंत्र स्वतः बांधू नये. सभेत मी याच्या उलट बोललो असेन, तर ते मागे घेतो. अडीचशे-तीनशे व्होल्ट ही चौदा वर्षांच्या हातात द्यायची गोष्ट नाही. माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसाने पुस्तिकेचे पान वगळले, तर मुलांकडून काय अपेक्षा ठेवावी? माझ्या मुलीने केलेली जोडणीही प्लगपासून दूर, माझ्यासमोर केलेली होती, आणि वीज दिल्यावर तिने झाकणाच्या आत एकदाही हात घातला नाही. प्रत्येक मुलाने बांधावा तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. एलएम-३८६ नावाची चिप बाजारात वडापावाच्या भावात मिळते, सोबत पाच-सहा भाग, आणि चुकले तरी फार तर चिप तापते. सोल्डरिंग, मोजमाप, घरघर, कच्चा डाग, सगळे त्यातही शिकता येते. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर शाळेत एकच असावा, वरून पारदर्शक जाळी आणि खालून स्क्रूने बंद, वाजवण्यासाठी आणि पाहण्यासाठी. माझा मी देतो. तो रजिस्टन्स आता जागेवर आहे, शिवाय काकांनी तपासून मागच्या बाजूला सही केली आहे.

आणि काकांना शाळेत बोलवावे, मानधन देऊन. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्यासाठीच. आपण ते दिवस सहलीत आणि रांगोळीत घालवतो. त्यातले दोन दिवस या माणसाला द्यावेत. हातांनी ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारी माणसे डिचोली-म्हापशाच्या पट्ट्यात आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती वयाने माझ्याहूनही मोठी आहेत.

पडद्याबद्दल माझे मत विचाराल तर तो बसवा, पण दुसऱ्या खोलीत. वाचनालयाच्या बाजूची खोली अर्धी रिकामी असते. छंद वर्गाच्या खोलीत पाण्याचा नळ नाही, फरशी कोरडी आहे, आणि मेन स्विच दाराशीच आहे. ठिणग्यांच्या कामाला याहून चांगली जागा आपल्या इमारतीत नाही. पडदा कोणत्याही भिंतीवर चालतो. बाईंची अट आहे की वर्ग पुन्हा सुरू झाला तर दोन प्रौढ माणसे कायम हजर असावीत आणि त्यातल्या एकाने फक्त स्विचजवळ उभे राहावे. मला ती अट मान्य आहे. स्विचजवळ उभे राहायला मी तयार आहे, दुसऱ्या पालकांपैकी कोणी पुढे यावे.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, कोठीत, आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पडून असेल. भंगारवाल्याला देऊ नका. मांद्रे-हरमलच्या बाजूच्या एका खानावळीत मी असा एक रेडिओ पाहिला, आतले सगळे काढून त्यात कुंडी ठेवलेली. शाळेत आणून द्या, शनिवारी दुपारी साडेबारानंतर, मी आणि काका थांबू. मात्र आणण्यापूर्वी चालतो का म्हणून प्लग लावून बघू नका. वीस-तीस वर्षे बंद पडलेल्या रेडिओतले कंडेन्सर सुकलेले असतात आणि वायरीचे रबर हात लावताच गळून पडते. जसा आहे तसा, धुळीसकट आणा. मागच्या पुठ्ठ्यावर आतला नकाशा चिकटवलेला असतो, तो मात्र उंदरांपासून जपा.